पावसाळाभर बंद असलेला डेस्कटॉप सुरू होत नाही, काय तपासावे?

देवगडच्या घरी जूनपासून बंद ठेवलेल्या तुमच्या डेस्कटॉपचे बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, म्हणजे बिघाड बहुधा वीजपुरवठ्याच्या मार्गातच आहे. प्रथम त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे, केबल बदलावी आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा स्विच चालू असल्याची खात्री करावी. एवढ्याने भागले नाही, तर आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेचा विचार करावा. मालवणात माझ्या संगणकाच्या पुढच्या बटणाचे आतले तांब्याचे संपर्क गंजून हिरवट झाले होते. मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) पॉवर स्विचची वायर काढून तिथल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवताच पंखा फिरला आणि दोष केवळ बटणाचा असल्याचे कळले. तुमच्याकडेही तसेच झाले, तर नवे बटण पुरेल. पंखा तरीही हलला नाही, तर चालू स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. रॅम (मेमरीची पट्टी) खोडरबराने पुसण्याचा उपाय पंखा फिरूनही पडदा काळा राहतो तेव्हाचा आहे. एसएमपीएस मात्र कृपया स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.