सीआरपी वाढला म्हणजे बाबांचा हात येणार नाही का?

"सीआरपी सातपट झालाय. आता बाबांचा हात यायचा नाही ना?"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिनं विचारलं. अठरा दिवसांपूर्वी वडिलांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून उजवी बाजू लुळी पडली होती. मधेच छातीत संसर्ग झाला, अँटिबायोटिक सुरू झालं, रुग्णालय बदललं. तिच्या वहीच्या पानावर सीआरपी या रक्ततपासणीचे आकडे लाल पेनानं लिहिले होते: परवाचा ४.२, आजचा ३१.

मी समुपदेशक. रिपोर्ट वाचून निदान करणं माझं काम नाही. तरी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट दिसली. जुन्या लॅबचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, नव्या लॅबचा प्रति लिटरमध्ये. डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग, म्हणजे ४.२ नव्हे, ४२ धरायचे. तिथून ३१. सीआरपी उतरला होता! डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. फोन ठेवला आणि तिला रडू कोसळलं. दोन रात्री ती झोपली नव्हती.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. मेंदूचा भाग निकामी झाला की शरीरात दाह सुरू होतो आणि हे प्रथिन वाढतं. छातीचा किंवा लघवीचा संसर्ग झाला तरी वाढतं. स्ट्रोकनंतर ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांची सुधारणा सरासरीनं कमी, असं अभ्यासांत दिसतं, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण ती सरासरी अनेक रुग्णांची. तिच्या बाबांची बोटं हलतील की नाही, हे त्या एका आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर तो बघतात ते मुख्यतः संसर्ग आटोक्यात येतोय का, हे कळायला.

आणि तो संसर्ग कशानं झाला असावा? गिळताना ठसका लागून अन्नपाणी श्वासनलिकेत गेल्यानं, असं डॉक्टर म्हणाले होते. इथे मात्र घरच्यांच्या हातात खूप काही असतं. भरवताना ताठ बसवायचं, छोटे घास द्यायचे, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर वाटला तर लगेच नर्सला सांगायचं. हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी विचारलं, "आज फिजिओथेरपीत बाबांनी काय केलं?"

ती गप्प झाली. त्या तासाला ती रिपोर्टसाठी लॅबबाहेर उभी होती.

पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, पुढेही सुधारणा होत राहते. म्हटलं, त्या तासाला तुम्ही बाबांजवळ थांबा. रिपोर्ट काय, डॉक्टर बघतीलच.

पुढच्या आठवड्यात ती तीच वही घेऊन आली. पान नवीन होतं. सीआरपीचा आकडा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. खाली लिहिलं होतं: "ठसका नाही. वीस मिनिटं बसले. टॉवेल मुठीत धरला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरून ठेवला."