विचारा तर खरं : एकदा कौल लागला, मग परत मतदान कशाला?

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले, की सार्वमत (म्हणजे एका प्रश्नावर थेट सगळ्या जनतेचं मतदान) परत घ्या म्हणणारा प्रत्येक जण रडीचा डाव खेळत नसतो. झालं, बडोद्याहून पत्रं आणि मेसेज सुरू, त्यातले निम्मे चिडलेले. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय.

प्रश्न : माझे दोन भाचे इंग्लंडात आहेत, एक लेस्टरला, एक लंडनला. ब्रेक्झिटवरून फॅमिली ग्रुपवर अजून जुंपते. थोरला म्हणतो दुसरं सार्वमत घ्यायलाच हवं होतं, धाकटा म्हणतो हरलात म्हणून परत खेळायचं ही लोकशाहीची चेष्टा आहे. मी कुणाची बाजू घेऊ? – एक मावशी, मांजलपूर

मावशी, आधी ग्रुप म्यूट करा, मग हे वाचा. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, हे मतदान झालं 23 जून 2016 ला. बाहेर पडा म्हणणारे 51.9 टक्के, राहूया म्हणणारे 48.1, फरक 12 लाख 70 हजारांच्या आसपास. आता मतपत्रिकेवर विचारलं काय होतं, तर राहायचं की निघायचं एवढंच, निघून जायचं कुठे ते काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे युरोपशी व्यापार कसा करणार, आयर्लंडच्या बॉर्डरवर चेकिंग बसणार का, यातलं काहीच नाही, त्यामुळे बाहेर म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं वेगळं बाहेर होतं. थोरल्याचा मुद्दा इथे पक्का आहे. 2019 पर्यंत कराराचा मसुदा हातात आला होता, तो दाखवून "हा करार घ्यायचा की राहायचं" असं विचारलं असतं तर तो प्रश्न नवा होता, जुनाच परत विचारला असं म्हणता आलं नसतं.

पण धाकटा पण उगाच बोलत नाहीये. सरकारने मतदानाआधी घरोघरी पुस्तिका पाठवली होती, त्यात छापलेलं की तुम्ही जे ठरवाल ते आम्ही अमलात आणू. असं सांगून ठेवल्यावर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी परत घ्या म्हणून ओरडा सुरू झाला तर समोरच्याचं डोकं फिरणारच. आणि त्या ओरड्यातली गंमत सांगते. तेव्हा एका ऑनलाइन अर्जावर 41 लाखांहून जास्त सह्या पडल्या, मागणी काय तर जिंकणाऱ्या बाजूला 60 टक्के नसतील आणि मतदान 75 टक्क्यांच्या खाली असेल तर परत घ्या. हा अर्ज टाकला होता बाहेर पडायच्या बाजूच्या माणसाने, मतदानाच्या आधीच, आपण हरणार या भीतीने! त्याची बाजू जिंकली आणि अर्ज पळवला हरलेल्या, राहूया म्हणणाऱ्यांनी. म्हणजे नियम कुणाला हवा होता, तर ज्याला हरायची भीती त्याला.

पुढे 1 एप्रिल 2019 ला संसदेत, करार लोकांसमोर मताला टाका हा ठराव 280 विरुद्ध 292 ने पडला, फक्त 12 मतांनी. मग डिसेंबरात निवडणूक झाली, बाहेर पडायच्या बाजूचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन 80 जागांच्या बहुमताने परत आले आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर. माझं मत विचाराल तर जून 2016 मध्ये धाकटा बरोबर होता आणि 2019 च्या सुरुवातीला थोरला. दोघांना हेच फॉरवर्ड करा, दोघंही माझ्यावर चिडतील, तुमची सुटका.

प्रश्न : युरोपवाले तर "हो" म्हणेपर्यंत मत घेत राहतात. आयर्लंडला दोनदा लावलं, डेन्मार्कला पण. ही कसली लोकशाही? – एक वाचक, अलकापुरी

आरोप अगदी पोकळ नाहीये. आयर्लंडने जून 2008 मध्ये लिस्बन कराराला, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या कराराला, 53.4 टक्क्यांनी नाही म्हटलं आणि ऑक्टोबर 2009 मध्ये 67.1 टक्क्यांनी हो. तुम्ही म्हणता तसा वास येतोच, कारण हो आल्यावर तिसऱ्यांदा विचारायला कुणी येत नाही. पण मधल्या काळात काही झालंच नाही असं नाही. प्रत्येक देशाचा एक कमिशनर राहील, आयर्लंडच्या लष्करी तटस्थपणाला, टॅक्सला, गर्भपाताच्या कायद्याला हात लागणार नाही अशी लेखी हमी मिळाली. डेन्मार्कचं तर अजून स्पष्ट आहे, 1992 ला युरोपियन युनियन उभारणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराला 50.7 टक्के नाही, मग एडिनबरोच्या युरोपीय बैठकीत चार सवलती पदरात पाडून घेतल्या, त्यात युरो न घेण्याची सूट पण आली, आणि 1993 मध्ये 56.7 टक्के हो. नाही म्हणणाऱ्यांना काहीतरी मिळालं ना! त्यांचं "नाही" कचऱ्यात गेलं नाही, त्याची किंमत वसूल झाली.

आणि त्याच आयर्लंडचं घटस्फोटाचं बघा. 1986 मध्ये 63.5 टक्के लोकांनी घटस्फोट नको म्हटलं. परत विचारलं 1995 ला, तब्बल 9 वर्षांनी, आणि अख्ख्या देशात फक्त 9,114 मतांनी पास झालं. इतक्या थोडक्यात निसटलं तर आपल्याकडे गल्लीत दगडफेक झाली असती. 2019 मध्ये घटस्फोटाच्या अटी ढिल्या करायचं विचारलं तर 82 टक्के हो. लोकं बदलतात, फक्त बदलायला वेळ द्यावा लागतो, एका वर्षात आणि 9 वर्षांत फरक आहे.

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक. 51-49 हा निकाल मी निकालच मानत नाही. 60 टक्क्यांच्या खाली असेल तर रद्द करून परत घ्या, असा साधा नियम का नाही? – दांडिया बाजार

सर, नियम आधी लावला तर माझी ना नाही, निकाल बघून लावला तर ती लबाडी. पण आधी लावलेला पण किती बोचतो ते स्कॉटलंडला विचारा. 1979 मध्ये त्यांच्या स्वतंत्र विधानसभेला 51.6 टक्के लोकांनी हो म्हटलं, तरी बारगळलं, कारण अट होती की एकूण मतदारांपैकी 40 टक्के हो म्हणणारे पाहिजेत आणि भरले 32.9. म्हणजे जो घरी झोपला त्याचं मत आपोआप "नाही" मध्ये गेलं. परत मतदान 1997 ला, 74.3 टक्के हो. 18 वर्षं गेली, सर.

असाच प्रकार महाराष्ट्रात दारूच्या दुकानाच्या मतदानाला आहे, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या 50 टक्क्यांहून जास्त मतं लागतात, आलेल्यांच्या नाही, एकूण. त्यामुळे बायका रांगेत उभ्या राहून भरभरून मतं देतात, आडवी बाटली उभीपेक्षा कितीतरी पुढे जाते, आणि तरी दुकान चालूच, कारण निम्मे मतदार घरी राहिले. आपल्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तुम्हाला हे बघायला मिळायचं नाही (दारूबंदी कागदावर की कशी, तो कॉलम वेगळा). तुमच्या 60 टक्क्यांत हेच होणार, आहे ते चालू ठेवणाऱ्याला फुकटचा बोनस.

प्रश्न : गोव्याच्या वेळी आपली बाजू हरली. तेव्हा परत मतदान का नाही मागितलं? आम्ही तरुण होतो, फार जिव्हारी लागलं होतं. – एक आजोबा, रावपुरा

आजोबा, जिव्हारी लागलं असणारच. 16 जानेवारी 1967, मतपत्रिकेवर दोन चिन्हं, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021. नुसतं मराठी विरुद्ध कोकणी असं धरून बसलात तर हे कळणार नाही, कारण विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात जोरात लिहीत होतं "राष्ट्रमत", म्हणजे मराठी पेपर!

आणि मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वेगळाच वाटतो. विलीनीकरण मागणारे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मतदानाआधी त्यांच्या सरकारने राजीनामा दिला, कौलात हरले, आणि काही महिन्यांतच निवडणूक झाली तर लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं. म्हणजे भाऊ पाहिजेत, पण भाऊंचं विलीनीकरण नको. म्हणूनच निवडणूक जिंकली म्हणजे त्या एका प्रश्नावर कौल मिळाला असं कुणी म्हटलं की मला गोवा आठवतो. जॉन्सनच्या 80 च्या बहुमतालाही हेच लागू, असं वरच्या मावशींचा थोरला भाचा म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

परत मतदान झालं असतं तरी विचारलं काय असतं, तेच फूल आणि तीच पानं? तिसरी गोष्ट, म्हणजे स्वतःचं राज्य, त्या कागदावर नव्हतीच, आणि 30 मे 1987 ला मिळालं तेच. बाकी गोवेकरांना निदान विचारलं तरी. 1 मे 1960 ला मराठी-गुजराती असं द्विभाषिक मुंबई राज्य मोडलं तेव्हा आपण बडोद्याची मराठी माणसं इकडे राहिलो, आपल्याला विचारायला कोण आलं होतं?

प्रश्न : भारतात सार्वमत मागता येतं का? – एक विद्यार्थी, सयाजीगंज

नाही. आपल्या घटनेत तशी सोयच नाही. जी झाली ती खास प्रसंगाची, गोव्याचं वर आलंच, शिवाय सिक्कीमला 1975 मध्ये, आणि तुमच्या गुजरातेत जुनागढला 20 फेब्रुवारी 1948 ला. तिथे भारताला 1 लाख 90 हजारांच्या वर मतं पडली आणि पाकिस्तानला 91. त्या 91 जणांनी परत मोजा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्न : आमच्या तीन मजली सोसायटीत लिफ्टचा ठराव 7 विरुद्ध 5 ने पडला. आता वरच्या मजल्यावरचे म्हणतात परत मत घ्या, खालचे म्हणतात एकदा झालं ते झालं. मी सेक्रेटरी, मधल्या मध्ये मरतोय. – अकोटा

गेल्या मीटिंगला कोटेशन होतं का हो? तुमचं लांबलचक पत्र वाचून तर वाटतं की "लिफ्ट हवी की नको" एवढ्यावरच हात वर केले आणि खालच्यांनी मनातल्या मनात मोठा आकडा धरला. सोसायटीच्या पोटनियमात पडलेला ठराव परत कधी आणता येतो ते आधी बघा, आणि नसेल लिहिलेलं तर ती मुदत पहिल्यांदा ठरवा, लिफ्टचा विषय त्याच्यानंतर. मग दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं मागवा, तळमजल्याला किती, पहिल्याला किती, तिसऱ्याला किती, लाइटबिल कोण भरणार, सगळं नोटिशीतच छापा, मीटिंगमध्ये तोंडी सांगू नका. आणि मत चिठ्ठीवर घ्या. हात वर करायला लावलं की तळमजल्यावरच्या काकांचा डोळा कुणाकुणावर असतो ते तुम्हाला माहीतच आहे.