अंड्याने चेहरा टाइट होतो, मग सुरकुत्या का जात नाहीत?

प्रश्न: ताई, माझं वय ४३. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्यात. महिनाभर अंड्याचा पांढरा भाग लावतेय, लावल्यावर चेहरा मस्त टाइट होतो पण सकाळी परत जैसे थे. बहीण म्हणते लिंबू लाव, त्यात व्हिटॅमिन सी असतं, आणि रात्री खोबरेल तेल. यातलं खरं काय?

उत्तर: टाइट वाटतं ते खरंच आहे हो, पण ती करामत वाळण्याची. पांढरा भाग सुकला की त्याचा पातळ पापुद्रा होतो, तो आकसतो आणि वरवरची कातडी ताणून धरतो, तोंड धुतलं की पापुद्रा गेला आणि ताणही गेला. शिवाय कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि तुम्ही ते ओठांजवळ फासताय.

लिंबू मात्र नकोच. रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण २ आणि त्वचेचा ५ च्या आसपास. हा आकडा एकाने कमी झाला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे इथे जवळजवळ हजारपट! त्यात रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने हलत नाहीत. व्हिटॅमिन सीचं सिरम ही वेगळी गोष्ट, तिथे प्रमाण मोजून घातलेलं असतं.

तेलाला थोडे मार्क देते. ते त्वचेतला ओलावा उडू देत नाही, त्यामुळे कोरडेपणाच्या बारीक रेषा बुजतात, खऱ्या सुरकुत्या नाही. पिंपल्स येत असतील तर तेलही नको.

आता खरा व्हिलन, ऊन. २०१२ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो आला होता, त्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरची सीट डावीकडे, त्यामुळे खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बरीच नितळ, चेहरा एकच! काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतात आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतात. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली, २०१३ सालचा अभ्यास आहे. म्हणून एसपीएफ ३० चं, यूव्हीएपासूनही वाचवणारं सनस्क्रीन रोज, चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून, नखाएवढं नाही. आहेत त्या रेषांसाठी रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार, क्रीम किंवा सिरममध्ये मिळतो), सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच कारण त्वचा सोलवटते, फरक दिसायला तीनेक महिने तरी जातात. प्रेग्नन्सीत ते अजिबात नाही.

आणि बहीण स्वतःही लिंबू लावत असेल तर आजच तिला फोन करा.