पातळ ॲल्युमिनियमची नळी घरच्या घरी न चेपता कशी वाकवावी?

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडच्या फोल्डेड डायपोलसाठी (दोन समांतर दांड्या टोकांना वळवून जोडलेली अँटेना) १२ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची नळी गुडघ्यावर धरून वाकवली, दोन्ही वेळा ती आत चेपली, आणि आता बेंडर विकत घ्यावा का असा विचार आहे. मी हाच डायपोल याच मापाच्या नळीतून केला आहे. बेंडरची गरज पडली नाही. कोरडी बारीक वाळू हवी आणि ती ठासून भरायचा धीर हवा.

पण वाळूच्या आधी एक भागाकार करा. वाकताना नळीची बाहेरची बाजू ताणते आणि आतली आखडते. किती ताणणार ते आधीच कळतं: नळीच्या व्यासाला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. त्रिज्या मोजायची ती नळीच्या मध्यरेषेपर्यंत. डायपोलच्या दोन दांड्यांत ७० मिमी अंतर हवं असेल तर त्रिज्या ३५, म्हणून १२ भागिले ७०, म्हणजे १७ टक्के. दुकानातली कडक नळी बहुतेक वेळा ६०६३-टी६ (६०६३ ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू, टी६ म्हणजे ती कडक केलेली) असते आणि ती १०-१२ टक्क्यांच्या पुढे ताणली की तडकते. म्हणजे वाळू भरली तरी इतक्या आवळ वळणावर ती बाहेरून फाटायची भीती आहेच. त्रिज्या ७० घेतलीत तर ताण साडेआठ टक्क्यांवर येतो आणि नळी तापवावी लागत नाही. अंतर वाढवणं परवडत असेल तर तेच करा. नसेल तर वळणाची जागा आधी नरम करून घ्यावी लागेल.

नरम करताना घाई नको. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो, ही मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि बघता बघता खाली लोंबते. वळणाच्या जागी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कपड्याच्या साबणाच्या वडीने रेघ ओढा. नळी रिकामीच ठेवून ब्लो टॉर्चने तापवा, ज्योत सतत फिरती ठेवा. रेघ तपकिरी होऊन काळी पडली की ज्योत बाजूला करा आणि नळी हवेत गार होऊ द्या. एक लक्षात ठेवा: पूर्ण नरम झालेल्या ६०६३ ची ताकद टी६ च्या साधारण पावपट उरते. अँटेनाला ते चालतं. सायकलचं कॅरिअर, व्हीलचेअर, शिडी अशा माणसाचा भार घेणाऱ्या वस्तूसाठी हा उपाय अजिबात वापरू नका.

आता वाळू. नळी चेपते कारण आखडणाऱ्या पातळ भिंतीला आतून टेकायला काही नसतं. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतात ती याच कारणाने. वाळू बारीक चाळणीतून चाळा आणि लोखंडी कढईत चांगली भाजून पूर्ण गार करा. दमट वाळू नळीत गच्च बसत नाही, आणि अशी बंद नळी कुणी तापवली तर वाफेने बूच गोळीसारखं उडू शकतं. म्हणून भरलेली नळी कधीही तापवायची नाही. एका टोकाला लाकडी बूच ठोका, नळी उभी धरा, थोडी थोडी वाळू ओता आणि खालपासून वरपर्यंत लाकडी दांडक्याने टकटक करत राहा. दोन मीटर नळीला जेमतेम कपभर वाळू लागते, पण भरली असं वाटल्यावर ठोकत राहिलात की ती वीतभर खाली बसते. पुन्हा भरा, पुन्हा ठोका. मला यालाच अर्धा तास लागला. पातळी हलायची पूर्ण थांबली की दुसरं बूच हातोडीने घट्ट बसवा. ज्यांची नळी वाळू भरूनही चेपते, त्यांचं बहुतेक वेळा इथेच कमी पडलेलं असतं.

साचा म्हणजे १८ मिमी प्लायवूडची चकती, कडेला नळी अर्धी बसेल अशी गोल खोबणी. ३५ त्रिज्येसाठी खोबणीच्या तळाशी व्यास ५८ मिमी येतो. नळी सोडल्यावर थोडी उलटते, म्हणून मी ५६ ठेवला. चकती टेबलाला पक्की स्क्रूने बसवा, एक बाजू शिकंजात धरा आणि दुसरी बाजू चकतीला लपेटत न्या. जोर लांबच्या टोकाला देऊ नका. नळी चकतीला टेकते त्या जागेच्या लगेच पुढे खोबणीचा लाकडी ठोकळा दाबून सरकवत न्या. एका दमात, सावकाश. पुढेमागे केलंत की धातू कडक होतो. दुसरं वळण घेण्याआधी पहिलं सपाट फरशीवर टेकवून बघा, नाहीतर दोन्ही टोकं वेगवेगळ्या पातळीत जातात आणि नंतर ते पिळून सरळ होत नाही.

बेंडर घ्यायचाच असेल तर एसी दुरुस्त करणाऱ्यांचा अर्ध्या इंचाचा बेंडर १२ मिमी नळीला सैल पडतो आणि सैल खाचेत नळी चपटी होते. त्याच्यासाठी नळीच अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिमीची आणा. वायरिंगचा कंड्यूट पाइप वाकवताना त्यात घालतात त्या स्प्रिंगचंही तसंच आहे, आत अगदी घट्ट बसली तरच उपयोग.

वाकवून झालं की बुचं काढा, नळी ठोकून वाळू पाडा, मग पाण्याचा जोरदार झोत सोडा. फीडपॉइंटची, म्हणजे केबल जोडायच्या जागेची, दोन्ही टोकं त्यानंतरच मापाला कापा. १४५ मेगाहर्ट्झला टोकापासून टोकापर्यंत ९८ सेंमीच्या आसपास येतं, पण वळणात नळी किती गेली हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय करवत लावू नका.