लोकलच्या रोजच्या ग्रुपने अचानक बोलणं टाकलं, तर इतकं का लागतं?

कारण मेंदू ते गंभीरपणे घेतो. २००३ मध्ये आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी मेंदूच्या स्कॅनरमधल्या लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकाफेकी खेळायला लावली. मध्येच बाकीचे दोघे त्यांना चेंडू देईनासे झाले (ते दोघे प्रोग्रॅमच होते!). तेव्हा त्यांच्या मेंदूतला अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा भाग जास्त सक्रिय झाला. शारीरिक वेदनेतही तो सक्रिय असतो. त्याला 'वेदनाकेंद्र' मात्र म्हणू नका, अनपेक्षित काही घडलं तरी तो जागा होतो. मेंदूचा उजवा प्रीफ्रंटल (कपाळामागचा) भाग ज्यांचा जास्त सक्रिय, त्यांना त्रास कमी. 'मला वाईट वाटतंय' असं शब्दांत मांडलं की हाच भाग कामाला लागतो. म्हणून डोंबिवलीला चढल्यावर कुणी सरकून जागा दिली नाही, तर मनातच खटला चालवू नका. दादरला उतरताना त्यातल्या एकाला बाजूला घेऊन सरळ विचारा.