लोकलच्या दारातून पडलेल्या माणसाला रेल्वेकडून भरपाई मिळते का?

तुमचा भाऊ संध्याकाळच्या गर्दीत कळव्याच्या पुढे लोकलमधून पडला, गुडघ्याखाली पाय कापावा लागला, पाकिटासकट पासही गेला. आणि आता नातेवाईक म्हणतात, दारात उभा होता तर दावा कसला करता? तर ऐका, दावा करता येतो. मी रेल्वे दावा न्यायाधिकरणात अशीच प्रकरणं चालवतो. 'चूक त्याचीच' एवढं ऐकून वर्षभर गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार चालत्या गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला रेल्वेने भरपाई द्यायची असते, मग रेल्वेची चूक असो वा नसो. अपवाद मोजकेच आहेत: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरात केलेली कृती, आणि आजारपण. दारात उभं राहणं त्यात नाही. रीना देवी प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निष्काळजीपणा म्हणजे 'स्वतः करून घेतलेली इजा' नव्हे, त्यासाठी तसा हेतू लागतो. गाडीत चढता-उतरता पडलेला माणूसही यात येतो. आणि ठाण्या-कल्याणचा माणूस संध्याकाळी दारात हौसेने उभा राहत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं रुळांवर पडून मेली. त्यांतही कामावर निघालेली माणसं होती.

पास हरवला म्हणून दावा संपत नाही. रीना देवीच्या त्याच निकालात म्हटलंय की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. सुरुवातीचा भार तुमच्यावर असतो. प्रतिज्ञापत्र करून सगळी हकीकत मांडायची, मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर जाते. प्रतिज्ञापत्राला जोड म्हणून पास यूपीआयने काढला असेल तर बँकेची नोंद, मोबाईलवर असेल तर ॲपमधली, जुने पास, कंपनीतली त्या दिवशीची हजेरी असं सगळं गोळा करा. 'गाडी मिळाली' असा घरी आलेला मेसेज असेल तर तोही जपा. रोजच्या डब्यातल्या त्याच्या ग्रुपमधलं कोणी साक्षीला तयार झालं तर याहून चांगलं काही नाही.

पण खरी लढाई वेगळीच असते. लोहमार्ग पोलिसांच्या कागदात 'रूळ ओलांडताना गाडीची धडक' असं लिहिलं गेलं की रेल्वे तेवढंच धरून बसते. रूळ ओलांडणं हा कलम १४७ खालचा गुन्हा, आणि त्यात १२४-अ ची भरपाई नाही. जखमी माणूस बेशुद्ध असतो, पाहणारं कोणी नसतं, आणि रुळाशेजारी सापडला म्हणून अंदाजाने तसं लिहिलं जातं. म्हणून आधी तीन कागद मिळवा: स्टेशन मास्तरांचा मेमो (अपघात कळवणारी चिठ्ठी), पोलिसांचा पंचनामा आणि रुग्णालयातला दाखल करतानाचा केसपेपर. केसपेपरवर 'ट्रेनमधून पडल्याचे सांगतो' असं लिहिलेलं असेल तर ते सोन्यासारखं, कारण वकील येण्याआधीचे ते शब्द असतात. कोणी रूळ ओलांडताना गाडीखाली आलं तर मोटरमन सहसा लगेच कळवतो. त्या वेळच्या कुठल्याच मोटरमनने तसं कळवलं नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा. स्टेशनवरचं सीसीटीव्ही चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा ते जपून ठेवा असा लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या.

भाऊ खरोखर रूळ ओलांडत होता असं पुढे कळलं, तर मात्र पडला असं लिहून देऊ नका. खोटा जबाब उलटतपासणीत टिकत नाही आणि कुटुंब नव्या संकटात सापडतं.

रकमेबद्दल सांगायचं तर ती पगारावर ठरत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख आहेत, एक हात आणि एक पाय गेला तरी तेवढेच. एकच पाय गेला असेल तर तो कुठून कापला यावर आकडा बदलतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर ते नीट लिहून घ्या. न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघातापासून एका वर्षात करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. भावाच्या पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर तिथेही चौकशी करा, कामावरून येता-जाता झालेला अपघात तिथे ग्राह्य धरला जाऊ शकतो.

आणि वॉर्डात येऊन 'पैसे मिळाले की अर्धे द्या' म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. वकील तुम्ही निवडा, फी आधी ठरवा, पावती घ्या. भरपाई भावाच्या स्वतःच्या खात्यात येईल, त्याचं पासबुक त्याच्याच हाती ठेवा. भाऊ बोलण्याच्या स्थितीत असेल आणि पोलिसांनी जबाब अजून घेतला नसेल, तर तो त्याच्याच तोंडून नोंदवून घ्या म्हणून पोलिसांना लेखी कळवा, आणि सहीआधी तो त्याला वाचून दाखवायला सांगा.