हॅम रेडिओ कॉन्टेस्टमधली सक्तीची विश्रांती: ५८ मिनिटांचा खंड आणि ३६ तासांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सीक्यू डब्ल्यूपीएक्स या हौशी (हॅम) रेडिओच्या कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधण्याच्या स्पर्धेत, आपण प्रथमच सिंगल ऑपरेटर म्हणून, म्हणजे एकट्याने स्टेशन चालवून, भाग घेतला. शनिवारी दुपारी जेवायला उठलात, पण विश्रांती किमान ६० मिनिटांची हवी हे लक्षात न राहिल्याने ५८ मिनिटांनीच पुन्हा संपर्क नोंदवायला सुरुवात केली. दोन दिवसांत मिळून सुमारे २२ तास स्टेशन चालवले. आता लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, बाद होईल का आणि ही विश्रांती मोजतात तरी कशी, असे आपण विचारले आहे.

लॉग बाद होणार नाही, आणि आपल्या बाबतीत त्या ५८ मिनिटांमुळे एक गुणही कमी होण्याचे कारण नाही. डब्ल्यूपीएक्सचा नियम प्रत्येक सहभागी व्यक्तीने ठरावीक वेळी उठलेच पाहिजे असे सांगत नाही. ४८ तासांच्या कॉन्टेस्टमध्ये सिंगल ऑपरेटरने जास्तीत जास्त ३६ तास स्टेशन चालवावे, एवढेच तो सांगतो. ६० मिनिटांची अट त्या ३६ तासांची मोजणी कशी करायची यासाठी आहे. दोन संपर्कांमधला खंड किमान ६० मिनिटांचा असेल तर तो विश्रांतीच्या खात्यात जातो आणि त्याहून लहान असेल तर तो पूर्णपणे चालवण्याच्या वेळेत धरला जातो. म्हणजे आपली ५८ मिनिटे फार तर आपल्या २२ तासांत मिळवली जातील. तरीही आपण ३६ च्या मर्यादेपासून खूप दूर आहात. रात्री झोपणारा, दुपारी घरची कामे करणारा बहुसंख्य हौशी ऑपरेटर या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि त्याने या नियमाची धास्ती बाळगण्याची काही गरज नाही. हा नियम खऱ्या अर्थाने लागू होतो तो ३० तासांच्या पुढे जाणाऱ्यांना.

तरीही मोजणीची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण पुढच्या वर्षी आपण अधिक वेळ बसणार असाल तर तिथेच गफलत होते. नियमाचे शब्द असे आहेत की विश्रांतीच्या किमान ६० मिनिटांत लॉगमध्ये एकही संपर्क नोंदलेला नसावा. लॉगमधली वेळ मिनिटापर्यंतच लिहिलेली असते, सेकंद त्यात नसतात. त्यामुळे शेवटचा संपर्क यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ०७:४० ला झाला असेल, तर ०७:४१ पासून ०८:४० पर्यंतची साठ मिनिटे पूर्ण रिकामी असली पाहिजेत आणि पुढचा संपर्क ०८:४१ ला किंवा त्यानंतर नोंदला गेला पाहिजे. ०८:४० ला परतणाऱ्याला वाटते की आपला तास भरला, पण रिकामी मिनिटे ५९ च भरतात आणि सगळा तास चालवण्याच्या वेळेत जमा होतो. मी स्वतः दोन-तीन मिनिटे जास्तच जाऊ देतो, कारण एका मिनिटाच्या घाईपायी तासभराची विश्रांती वाया घालवण्यात काही अर्थ नाही. पाऊण तासाचे जेवण आणि अर्ध्या तासाचा चहा यांनाही हाच हिशेब लागू होतो: अशा चार लहान खंडांनी शरीराला आराम मिळतो, पण नियमाच्या खात्यात त्यांची जमा शून्य असते. म्हणून ज्याला पूर्ण ३६ तास चालवायचे आहे त्याने एक तर दहा मिनिटांत परत यावे, नाही तर सरळ एक तासाहून जास्त वेळ उठावे. बारा तासांची ही विश्रांती सलग घ्यावी असे बंधन नाही. ती तासातासाच्या तुकड्यांनी घेतली तरी चालते.

विश्रांतीच्या वेळेत रिसीव्हर चालू ठेवून नुसते ऐकत बसले तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पुढे येणारच. इथे कॉन्टेस्टनुसार उत्तर बदलते. डब्ल्यूपीएक्सच्या नियमाचे शब्द लॉगमधल्या संपर्काबद्दल आहेत, त्यामुळे बँड (रेडिओलहरींचा ठरावीक पट्टा) कसा चालला आहे हे ऐकल्याने विश्रांती मोडत नाही. अमेरिकेतील एआरआरएल या संस्थेच्या कॉन्टेस्टमध्ये मात्र ऐकण्याचा वेळ हा चालवण्याचाच वेळ मानला जातो. डिसेंबरमधल्या तिच्या १० मीटर कॉन्टेस्टमध्ये ४८ पैकी ३६ तासांची मर्यादा आहे आणि विश्रांतीचा प्रत्येक तुकडा किमान ३० मिनिटांचा असावा लागतो. त्या अर्ध्या तासात कान हेडफोनला लावून बसणाऱ्याने विश्रांती घेतलेली नसते. अर्थात ऐकल्याची नोंद कोणत्याच लॉगमध्ये होत नाही, त्यामुळे हा नियम पाळला गेला की नाही हे फक्त ऑपरेटरलाच ठाऊक असते. याच कारणाने डब्ल्यूपीएक्सची व्याख्या मला अधिक पसंत आहे: जे तपासता येते तेवढेच ती मागते.

एका कॉन्टेस्टचा नियम दुसरीला लावू नये, हे यावरून दिसेलच. सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्सच्या मूळ गटांत विश्रांतीची अटच नाही, ज्याच्या अंगात बळ आहे त्याने ४८ तास बसावे. तिच्यातल्या क्लासिक या उपगटात मात्र २४ तासांचीच गणना होते, विश्रांती तिथेही किमान ६० मिनिटांची, आणि जास्त वेळ चालवला तर पहिले २४ तासच त्या उपगटाच्या गुणांसाठी धरतात. डब्ल्यूपीएक्सच्या आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) भागात सिंगल ऑपरेटरला ३० तास मिळतात. जर्मनीतील डीएआरसी ही संस्था घेत असलेल्या डब्ल्यूएई कॉन्टेस्टमध्ये ३६ तास आहेत. नॉर्थ अमेरिकन क्यूएसओ (क्यूएसओ म्हणजे संपर्क) पार्टी बाराच तासांची असते, तरी तिथे सिंगल ऑपरेटरला त्यातले दहाच तास मिळतात. जुलैमधली आयएआरयू या हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची कॉन्टेस्ट २४ तासांची असून तिच्यात सक्तीची विश्रांती नाही.

ही मर्यादा सिंगल ऑपरेटरलाच का, आणि एकाच स्टेशनवर आळीपाळीने बसणाऱ्या मल्टी ऑपरेटर चमूला डब्ल्यूपीएक्समध्ये पूर्ण ४८ तास का, याचे उत्तर उघड आहे: चमूतले लोक पाळीने झोपतात. पण मर्यादेचा अधिक महत्त्वाचा परिणाम वेगळाच आहे असे मला वाटते. बारा तास सोडायचेच आहेत असे ठरले की नेमके कोणते बारा सोडायचे, हा कॉन्टेस्टमधला कौशल्याचा भाग होतो, आणि भारतातून चालवणाऱ्याला इथे युरोपातल्या ऑपरेटरचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून उपयोग होत नाही.

कॉन्टेस्ट ००:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. डब्ल्यूपीएक्समध्ये दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी २०, १५ किंवा १० मीटर या वरच्या बँडवर (बँड तरंगलांबीवरून ओळखतात) झालेल्या संपर्काला ३ गुण आहेत, तर ४०, ८० आणि १६० मीटर या खालच्या बँडवर ६. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झालेल्या संपर्काला वरच्या बँडवर १ आणि खालच्या बँडवर २ गुण मिळतात. जपान आशियात असल्यामुळे सकाळी १५ मीटरवर धडाधड येणारी जपानी स्टेशने प्रत्येकी एकच गुण देतात, आणि रात्री ४० मीटरवर मिळालेले एक इटालियन स्टेशन अशा सहा संपर्कांच्या बरोबरीचे ठरते. जपानी स्टेशनांचे प्रिफिक्स (स्टेशनच्या ओळखचिन्हाचा आरंभीचा भाग) नवे असतील तर मल्टिप्लायर, म्हणजे एकूण गुणांना गुणणारा आकडा, म्हणून त्यांचे मोल वेगळे, पण डब्ल्यूपीएक्समध्ये प्रत्येक प्रिफिक्स सर्व बँड मिळून एकदाच धरला जातो, त्यामुळे रविवारपर्यंत तो लाभही बराच ओसरलेला असतो.

यातून निघणारा निष्कर्ष सवयीच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्रातून चालवताना रात्री झोपणे सर्वांत महाग पडते. ४० मीटरवर युरोप आपल्याकडे साधारण रात्री नऊ-दहापासून मिळू लागतो आणि सूर्योदयापर्यंत टिकतो; त्यातही युरोपात सूर्य मावळल्यानंतरचे, म्हणजे आपल्या मध्यरात्रीपुढचे तास सर्वांत फलदायी असतात. विश्रांतीसाठी योग्य वेळ म्हणजे सकाळी नऊ-दहापासून दुपारपर्यंतची. त्या वेळी ४० आणि ८० मीटरच्या लहरी दिवसा वातावरणात शोषल्या जात असल्यामुळे ते बँड निकामी असतात, युरोप नुकता जागा होत असतो आणि वरच्या बँडवर मुख्यतः आशियातीलच स्टेशने ऐकू येतात. सौरडाग भरपूर असलेल्या वर्षी १५ आणि १० मीटर दुपारी लवकरच युरोपकडे उघडतात, तेव्हा मी झोप आधी उरकतो. सूर्य शांत असलेल्या वर्षी दुपारी दोन-अडीचपर्यंत झोपूनही फारसे काही बुडत नाही. शनिवारी साडेचार तास, रविवारी साडेपाच तास आणि उरलेले दोन शनिवारी संध्याकाळी, बँड मंद पडेल तेव्हा तासातासाने, अशी विभागणी मला सोयीची वाटते. पहिल्या रात्रीच्या उत्साहात विश्रांती पुढे ढकलत गेले की रविवारी रात्रीच ३६ तास भरतात आणि कॉन्टेस्टच्या शेवटच्या, ६ गुणांच्या रात्रीचा मोठा भाग हातचा जातो. जादा चालवलेल्या तासांतले संपर्क गुणांत धरले जातील असे समजून चालू नये.

मोर्सची डब्ल्यूपीएक्स मे महिन्याच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते, म्हणजे आपल्याकडे नेमकी वळवाच्या पावसाच्या दिवसांत. विजा जवळ आल्या की अँटेना सोडवून दूर ठेवण्याला पर्याय नाही, आणि त्यानंतर वीजही जातेच. नियम खंडाचे कारण विचारत नाही. वीज नसल्यामुळे झालेला खंडही ६० रिकाम्या मिनिटांचा असेल तर तो विश्रांतीत जमा होतो. म्हणून वीज चाळीस मिनिटांनी आली तर लगेच धावू नये. उरलेली वीस-बावीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि ठरवलेल्या विश्रांतीतून एक तास वजा करावा. दोन वर्षे याच कारणाने माझे वेळापत्रक पार बदलले आणि तरीही तासांचा हिशेब बिघडला नाही. एन-वन-एम-एमसारखे लॉगिंग सॉफ्टवेअर चालवण्याची आणि विश्रांतीची वेळ पडद्यावर दाखवत राहते, तेव्हा वहीत बेरजा करत बसावे लागत नाही. संगणकाचे घड्याळ मात्र कॉन्टेस्टपूर्वी इंटरनेटवरून अचूक लावून घ्यावे.

आता आपल्या लॉगबद्दल. ती ५८ मिनिटे साठ दिसावीत म्हणून पुढच्या संपर्काची वेळ दोन-तीन मिनिटांनी सरकवण्याचा मोह होऊ शकतो. ते कदापि करू नये. विश्रांतीच्या किंवा बँड बदलण्याच्या नियमात बसण्यासाठी लॉगमधल्या वेळा बदलणे हे सीक्यूच्या नियमांत खिलाडूवृत्तीला सोडून असलेले वर्तन म्हणून स्पष्टपणे नोंदवलेले आहे, आणि समोरच्या स्टेशनच्या लॉगमध्ये खरी वेळ असतेच. संपर्क खोडून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण आपल्या लॉगमध्ये तो सापडला नाही तर काहीही चूक नसताना समोरच्याचे गुण जातात. पुढे कधी खरोखरच ३६ तासांच्या काठावर असा प्रसंग आला, तर कॅब्रिलो (कॉन्टेस्टला पाठवायच्या लॉगचे ठरावीक स्वरूप) लॉगमध्ये संबंधित ओळीच्या आरंभी क्यूएसओ ऐवजी एक्स-क्यूएसओ ही खूण लावावी. अशी ओळ आपल्या हिशेबात धरली जात नाही, पण समोरच्याच्या लॉगशी पडताळण्यासाठी ती उपलब्ध राहते. वरच्याच उदाहरणात ०८:३८ ते ०८:४० मधल्या संपर्कांना ही खूण लागेल आणि ०८:४१ पासूनचे जसेच्या तसे राहतील. या वेळी आपल्याला त्यातले काहीच करायचे नाही. लॉग आहे तसा, कॉन्टेस्ट संपल्यापासून पाच दिवसांच्या आत पाठवावा.